जुन्या गाड्यांचे प्रश्न : कार्बोरेटर खोलण्यापूर्वी

जुनी गाडी सुरू होताना त्रास देते, अशी तक्रार करणारी पत्रे या सदराकडे सतत येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत एक वाक्य असतेच : 'कार्बोरेटर साफ करून झाला, तरी फरक नाही.' (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग.) गाडी कशी सुरू होत नाही, यापेक्षा ती केव्हा सुरू होत नाही, हे आधी पाहावे, असे मी प्रत्येकाला कळवतो. थंड असताना, तापल्यावर, बरेच दिवस उभी राहिल्यावर की पावसात, एवढे नीट सांगता आले तर निम्मे निदान झालेले असते. या वेळी निवडलेल्या चार पत्रांत हे चारही प्रसंग आले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. रोज चालवली तर सकाळी एकदोनदा सेल्फ मारताच सुरू होते. आठ-दहा दिवस उभी राहिली, की मात्र थांबून थांबून कितीतरी वेळ सेल्फ मारावा लागतो आणि तोवर बॅटरी मान टाकते. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीच्या झाकणाने थोडे पेट्रोल ओतले, की इंजिन लगेच पेट घेते. त्यानंतर दिवसभर काहीही तक्रार नसते. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर खोलला, जेट बदलले, आणि आता अलीकडच्या गाडीचा कार्बोरेटर बसवू म्हणतात. बसवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसवू नका. तुम्ही दोषाचे वर्णन इतके नेमके केले आहे, की त्यातच उत्तर आहे. तोंडात पेट्रोल ओतताच इंजिन पेट घेते, याचा अर्थ प्लगला करंट पोहोचतो आहे, टायमिंग ठीक आहे आणि कॉम्प्रेशनही पुरेसे आहे. सुरू झाल्यावर दिवसभर गाडी नीट चालते, म्हणजे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके, तुंबलेले नाहीत. उरली एकच शक्यता : गाडी बरेच दिवस उभी राहते, तेव्हा कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच शिल्लक राहत नाही.

कार्बोरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल मावते, आणि त्या वाटीला हवेसाठी छिद्र असते. पेट्रोलमधले हलके घटक ३५–४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात आणि त्याहून कमी तापमानालाही ते सावकाश उडून जातात. गाडी बंद केल्यावर इंजिनची धग अर्धा-पाऊण तास वर येत राहते, तेव्हा पहिला मोठा घोट जातो, आणि पुढच्या आठवड्यात उरलेले संपते. जे थोडे उरते, तेही जड आणि सहज न पेटणारे असते. रोज चालणाऱ्या गाडीत ही वाटी रोज भरली जाते, म्हणून दोष दिसत नाही. सीएनजी येण्यापूर्वी मुंबईच्या रस्त्यांवर कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या याच गाड्या टॅक्सी म्हणून अहोरात्र धावत होत्या. त्या फारशा कुरकुरल्या नाहीत, याचे एक कारण म्हणजे त्यांची वाटी कधी कोरडी पडतच नसे.

आता खात्री करून घ्या. पुढच्या वेळी गाडी दहा दिवस उभी राहिली, की सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनर काढा, विजेरीने कार्बोरेटरच्या तोंडात उजेड पाडा आणि हाताने थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, लिव्हर झटकन पूर्ण उघडा. ॲक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची स्पष्ट धार आली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि माझा तर्क चुकला. धार आली नाही, किंवा नुसता एखादा थेंब पडला, तर वाटी कोरडी आहे. हे पाहताना जवळपास विडी-सिगारेट, देवघरातला दिवा किंवा उघड्या वायरीचा बल्ब असता कामा नये.

वाटी कोरडी पडणे हा दोष नव्हे, तो पेट्रोलचा स्वभाव आहे. ती परत भरायला इतका वेळ का लागतो, हा खरा प्रश्न आहे. पद्मिनीची टाकी मागे, पेट्रोल ओढणारा पंप पुढे इंजिनवर, आणि मध्ये गाडीच्या लांबीएवढी नळी. आपले मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात, त्या पंपात दोन छोटे व्हॉल्व्ह असतात, आणि त्यांनी पेट्रोल मागे जाऊ द्यायचे नसते. ते झिजले किंवा त्यांच्याखाली गंजाचा कण अडकला, की नळीतले सगळे पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरते आणि पंपाला सुरुवातीला नुसती हवा ओढावी लागते. पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कडक झाला असेल तरी हेच होते. तिसरी शक्यता टाकीजवळच्या रबरी नळीची आहे, आणि ती नेहमी नजरेतून सुटते. पंपाच्या अलीकडची ही नळी ओढीखाली असते, म्हणून तिला चीर गेली तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत येते, आणि खाली डाग न दिसल्याने कोणाला संशय येत नाही. कॉइलची वायर काढून, पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी एका बाटलीत सोडून सेल्फ मारा. चांगला पंप थोड्याच फेऱ्यांत ठसठशीत पिचकाऱ्या मारू लागतो. बराच वेळ हवेचे बुडबुडे आले, तर पंपाचे किट आणि मागची नळी दोन्ही बदला. हा खर्च तुम्ही कार्बोरेटरवर केलेल्या खर्चापुढे किरकोळ असेल.

पंपाला हाताने हलवायचा छोटा लिव्हर असेल, तर उभ्या गाडीला सेल्फ मारण्यापूर्वी तो वीस-पंचवीस वेळा दाबा. वाटी भरली, की त्याचा जोर कमी लागतो. लिव्हर मोकळाच हलत असेल, तर इंजिन थोडे फिरवून पुन्हा पाहा, कारण कॅम नेमका उंचीवर थांबलेला असला की लिव्हर काम करत नाही. काही जण मागे विजेवरचा पंप बसवतात. मला स्वतःला हा लिव्हर अधिक भरवशाचा वाटतो. विजेवरचा पंप बसवायचाच असेल, तर तो दोन-तीन पौंड दाबाचाच घ्या, नाहीतर फ्लोटची पिन दाब रोखू शकणार नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होईल. शिवाय इंजिन बंद पडताच पंपही बंद पडेल, अशी ऑइल प्रेशरच्या स्विचमार्फत जोडणी करून घ्या. अपघातात इंजिन थांबले आणि पंप मात्र पेट्रोल ओतत राहिला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

बॅटरीकडेही पाहावे लागेल. भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ दिसले, तर ती अर्धीच भरलेली आहे. सेल्फ फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर सेल्फ फिरेलही, पण कॉइलला पुरेसे मिळणार नाही आणि नेमक्या गरजेच्या वेळी ठिणगी अशक्त पडेल. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी काढून, दोन्ही टोके घासून पुन्हा घट्ट बसवा. या एका कामाने म्हाताऱ्या गाडीचा सेल्फ तरुणासारखा फिरू लागलेला मी अनेकदा पाहिला आहे.

थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणाऱ्या चोकविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. चोक दोन प्रकारचे असतात. एकात कार्बोरेटरच्या तोंडावर पाकळी असते आणि खुंटी ओढली की ती बंद होते. दुसऱ्या प्रकारात, जो सोलेक्स कंपनीच्या अनेक कार्बोरेटरांवर असतो, पाकळी नसते. बाजूला चकती आणि स्वतःचा जेट असलेला एक वेगळा स्टार्टर असतो. थ्रॉटल बंद असताना त्याच्या खाली जो व्हॅक्यूम तयार होतो, त्यावरच हा स्टार्टर पेट्रोल ओढतो. त्यामुळे असा चोक ओढून वर ॲक्सिलरेटर दाबला, तर व्हॅक्यूम जातो आणि चोक ओढून न ओढल्यासारखा होतो. एअर क्लीनर काढलाच आहे, तर तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते पाहून ठेवा. स्टार्टर असेल, तर थंड गाडीला सेल्फ मारताना पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढा. पाकळी असेल, तर आधी एकदोनदा ॲक्सिलरेटर दाबण्याचा उपयोग होतो. दोन्हींत, खुंटी ओढल्यावर लिव्हर शेवटपर्यंत जातो ना, हे इंजिनाशी उभे राहून डोळ्यांनी बघा. केबलचे बाहेरचे आवरण क्लिपमधून सरकले, की खुंटी पूर्ण बाहेर येते आणि चोक मात्र अर्धाच लागतो.

आता दोन विनंत्या. पहिली अशी, की बदललेले जेट काढून मूळ आकड्याचे जेट परत बसवून घ्या, कारण दोष नसलेल्या ठिकाणी केलेला बदल पुढच्या प्रत्येक निदानात आडवा येतो. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला असता, तरी त्याचीही वाटी दहा दिवसांत अशीच कोरडी पडली असती. दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे : कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतणे आजपासून बंद करा. एखादा व्हॉल्व्ह उघडा असताना आतला जाळ मागे उलटला, तर तो सरळ तोंडातून बाहेर येतो, आणि त्या वेळी तुमच्या हातात पेट्रोलची उघडी बाटली असते.

प्रश्न : माझी ॲम्बेसेडर मार्क टू आहे, कार्बोरेटर एसयू कंपनीचा आहे. घरून निघताना ती लगेच सुरू होते. आंबोलीचा घाट चढून वर चहाला थांबलो, की पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होत नाही आणि तासाभराने काहीच झाले नाही अशी सुरू होते. पंपावर ओले फडके टाकायला सांगतात. त्याने कधी काम होते, कधी होत नाही. याचे कारण काय?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ओल्या फडक्याने कधी काम होते आणि कधी होत नाही, हे निरीक्षण मोलाचे आहे. तापलेली गाडी सुरू न होण्याची दोन परस्परविरुद्ध कारणे असतात, आणि फडके त्यांतल्या एकावरच उपाय आहे. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली, तर पंप द्रवाऐवजी वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. त्या वेळी पंप गार केला, की काम होते. पण याच धगीने फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या नळकांड्यात) उतू गेले असेल, तर इंजिनमध्ये पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झालेले असते, आणि तिथे फडक्याचा काही संबंध नाही.

दोन्हींतला फरक ओळखणे अवघड नाही. बोनेट उघडताच पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि काढलेला प्लग ओला असेल, तर पेट्रोल जास्त झाले आहे. तेव्हा चोकला हात लावू नका, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन साचलेले पेट्रोल बाहेर पडेल. ॲक्सिलरेटर वारंवार दाबण्याची अनेकांना सवय असते. एसयूच्या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंपच नसतो, त्यामुळे त्याने जास्तीचे पेट्रोल येत नाही. पण थ्रॉटल मध्येमध्ये बंद होतो आणि हवेचा प्रवाह तुटतो. याउलट वास नसेल आणि प्लग कोरडा असेल, तर वाफ अडली आहे. बोनेट उघडे ठेवून थांबा किंवा पंपावर ओले फडके टाका. फडके पंपावर आणि नळीवरच टाका. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर किंवा हेडवर गार पाणी ओतले, तर त्याला तडा जाऊ शकतो.

या इंजिनच्या रचनेतच याचे मूळ आहे. ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतले. त्यात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात आणि कार्बोरेटर त्या तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी शेजारी बसतो. गाडी धावत असते तेव्हा पंखा आणि वारा तो गार ठेवतात. घाट चढून इंजिन पुरते तापलेले असताना चावी फिरवली, की वारा थांबतो आणि धग तेवढीच राहते. म्हणून कारखान्यातून गाडी येताना कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारे जाड पॅकिंग आणि पत्र्याची ढाल दिलेली असे. पन्नास वर्षांच्या दुरुस्त्यांत हा पत्रा कोठेतरी काढून ठेवला जातो आणि परत बसत नाही, आणि जाड पॅकिंगच्या जागी कागदाचे पातळ गॅसकेट येते. तुमच्या गाडीत हे दोन्ही आहेत का, ते आधी पाहा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला किंवा ब्लॉकला टेकत असेल, तर तिला दूर वळवा. फ्लोटची पिन झिजली असेल किंवा पातळी वर चढली असेल, तर पेट्रोल उतू जायला थोडी धगही पुरते, म्हणून ती पिन बदलून पातळी तपासून घ्या. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर लगेच चावी न फिरवता मिनिटभर इंजिन रिकामे चालू ठेवा. पंखा बरीच धग ओढून नेतो.

एवढे करूनही त्रास राहिला, तर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल आणि तिच्या साथीला असणारा छोटा कंडेन्सर यांच्यावर संशय घ्या. हे दोन्ही थंड असताना नीट वागतात आणि तापल्यावर दगा देतात. म्हणून गाडी अडली असतानाच प्लग काढून, त्याचे लोखंड इंजिनला टेकवून करंट पाहा; घरी थंड गाडीवर केलेली परीक्षा इथे फसवी ठरते. मात्र इंजिनभोवती पेट्रोलचा वास असेल, तर तो जाईपर्यंत ठिणगी पाडून पाहू नका. निळसर-पांढरी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, केसासारखी ठिणगी दिसली, तर आधी कंडेन्सर बदला, कारण तो स्वस्त आहे. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातले, अंतरही तापलेल्या इंजिनवर मोजून घ्या. या इंजिनला ०.०१५ इंच अंतर लागते. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचा जो आधार होता, तो तेव्हापासून गेला आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह हळूहळू खोल बसतात, टॅपेटचे अंतर नाहीसे होते आणि कॉम्प्रेशन उतरते. हे वर्षानुवर्षे न पाहणारे मालक कार्बोरेटर मात्र दर सहा महिन्यांनी खोलतात.

प्रश्न : पावसाळ्यात माझी फियाट सकाळी अजिबात सुरू होत नाही. दुपारी ऊन पडले, की सुरू होते. कार्बोरेटरमध्ये पाणी जात असेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. उन्हाने कार्बोरेटरमधले पाणी वाळत नाही. प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डेल्कोचे (डिस्ट्रिब्युटरचे) झाकण आणि प्लगच्या वायरी मात्र वाळतात. झाकण काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे का, ते पाहा. तशी रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी तयार केलेली चोरवाट असते, आणि ती पुसून जात नाही. झाकणच बदलावे लागते. रात्री पूर्ण काळोखात बोनेट उघडून गाडी चालू केली आणि वायरींवर फवाऱ्याने थोडे पाणी उडवले, तर करंट कोठे उडतो ते निळ्या रेषांनी आपोआप दिसते. हात मात्र दूर ठेवा. झाकण, रोटर आणि वायरी बदलायच्या असतील, तर सगळे एकदमच बदला, आणि डेल्कोतले पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरच्या आसपास अंतर लावून घ्या. कोकणातल्या दमट हवेत गाडी ताडपत्रीने गच्च झाकून ठेवू नका. तिच्याखाली रात्रभर घाम धरतो.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून माझी पद्मिनी हिवाळ्यात उशिरा सुरू होते, असे मला वाटते. हा माझा भ्रम आहे का? जेट मोठे करावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा भ्रम नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. आजच्या गाड्यांत सेन्सर हा फरक ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचे भोक आहे तेवढेच राहते, त्यामुळे हवा-पेट्रोलचे मिक्श्चर सात-आठ टक्के पातळ होते, म्हणजे त्यात हवा जास्त होते. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या खाली गेला, की थंड मॅनिफोल्डमध्ये एवढी उष्णता कोठून येणार?

तरीही जेट बदलण्याची घाई करू नका. आधी चोक पूर्ण लागतो ना ते बघा आणि नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ ठेवा. मग आयडलचा मिक्श्चर स्क्रू, इंजिन गरम असताना, अर्धी फेरी बाहेर घेऊन पाहा. लांबच्या फेरीनंतरही प्लग पांढरट दिसत असतील आणि चढावर गाडी अडखळत असेल, तरच मुख्य जेट एक आकडा वाढवा. मोठ्या दोन चिंता वेगळ्याच आहेत. जुन्या काळचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते आणि चिरते. म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या नळ्या व्हायटॉनसारख्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या. दुसरे म्हणजे इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, तिथे गंज धरतो, आणि नेमके तेच मिश्रण पंप सर्वांत आधी ओढतो. महिन्याहून अधिक काळ गाडी उभी ठेवायची असेल, तर पंपाकडे येणारी नळी काढून ती बंद करा, आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू देऊन वाटी रिकामी होऊ द्या. परत सुरू करताना तळाचे पहिले पाऊण लिटर पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरा, आणि खाली वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय सेल्फ मारू नका.